रोमच्या रथशर्यती: अफाट बक्षिसं आणि कोवळी थडगी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोममधल्या रथशर्यतींचा विषय निघाला की बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते: तिथला एक सारथी म्हणे जगातला आजवरचा सर्वांत श्रीमंत खेळाडू होता. गोष्ट खोटी नाही, पण तेवढीच सांगितली की बाकीचे सारथी नजरेआड होतात. मला या विषयाची गोडी लागली ती त्यांच्या थडग्यांवरच्या आकड्यांमुळे. एका ओळीत जिंकलेल्या शर्यती, दुसऱ्या ओळीत वय, आणि ते वय वीस, बावीस, एकोणतीस. वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत, ती या दोन्ही ओळी सोबत ठेवून.

शर्यती कुठे व्हायच्या? कलोसियममध्ये का?

नाही. कलोसियम ग्लॅडिएटरांचं. रथांसाठी होतं सर्कस मॅक्सिमस हे शर्यतीचं मैदान, पॅलेटाइन आणि अॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांमधल्या सखल जागेत. लांबी सुमारे ६२० मीटर, रुंदी जवळपास १२० मीटर. प्रेक्षक किती मावत? डायोनिसियस हा ग्रीक इतिहासकार दीड लाख म्हणतो, थोरला प्लिनी हा रोमन लेखक अडीच लाख. दीड लाखच धरले तरी कलोसियमच्या दुप्पट-तिप्पट.

एक शर्यत कशी असायची?

एका टोकाला बारा दरवाजे. कोणाला कोणता दरवाजा मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरे. खेळ भरवणारा अधिकारी वरून पांढरं फडकं खाली टाकी आणि दरवाजे एकदम उघडत. मैदानाच्या मधोमध लांबलचक दुभाजक होता. त्याला घड्याळाच्या उलट दिशेने सात फेरे घालायचे, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडे. फेरे मोजण्यासाठी दुभाजकावर लाकडी अंडी होती, पुढे इसवी सनपूर्व ३३ मध्ये अग्रिप्पा या रोमन सेनापतीने डॉल्फिनही बसवले. एकेक फेरा संपला की त्यांतलं एक हलवत. एवढ्या गर्दीत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कितवा फेरा चालू आहे ते कळे.

सम्राट कॅलिगुलाच्या काळापासून दिवसाला २४ शर्यती हा नेहमीचा शिरस्ता झाला. सम्राट डोमिशियनने एकदा एकाच दिवसात शंभर शर्यती उरकायच्या म्हणून सातऐवजी पाच फेरे केले होते.

सर्वांत धोक्याची जागा कोणती?

वळण. दुभाजकाच्या दोन्ही टोकांना तीन-तीन उंच निमुळते खांब होते. त्यांना जितकं घासून वळाल तितकं अंतर वाचतं. पण चाक खांबाला लागलं की रथाचा चुराडा, आणि भिऊन लांबून वळलात तर आतली जागा मागच्याने घेतलीच.

रथाला चार घोडे असत. मधले दोन जुवाला जुंपलेले आणि कडेचे दोन नुसत्या वाद्यांनी बांधलेले. डावीकडचा, म्हणजे आतल्या बाजूचा घोडा सर्वांत मोलाचा, कारण वळताना बाकीचे तिघे त्याच्याभोवती फिरत. तो बुजला किंवा एक पाऊल जास्त आत गेला की संपलं. रथ तर हलक्या लाकडाचा आणि चामड्याचा. वेग मिळावा म्हणून त्यातलं सगळं वजन काढून टाकलेलं, त्यामुळे सारथ्याला आडोसा असा नाहीच. मागून येणारे रथ पडलेल्याच्या अंगावर येत. अशा ढिगाला रोमन लोक ‘जहाज फुटलं’ म्हणायचे. वाळूभर पसरलेल्या फळ्या, चाकं आणि माणसं पाहिली की हा शब्द का सुचला असेल ते कळतं.

सारथी लगाम कमरेला बांधून घ्यायचे हे खरं का?

खरं. ग्रीक सारथी लगाम हातात धरत, रोमन सारथी ते कमरेभोवती गुंडाळत. अंगाचं सगळं वजन डावी-उजवीकडे टाकून चार घोडे वळवता येत आणि उजवा हात चाबकाला मोकळा राही. पण रथ उलटला तर माणूस घोड्यांना बांधलेलाच. पळते घोडे त्याला वाळूतून फरफटत नेत. म्हणून छातीवरच्या चामड्याच्या पट्ट्यांत एक वाकडी सुरी खोचलेली असे. खाली पडल्यावर, फरफटत असताना, दुसऱ्याच्या टापा चुकवत ती सुरी काढायची आणि लगाम कापायचे. डोक्याला चामड्याची टोपी, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या, एवढंच संरक्षण.

सारथी कोण असत?

बहुतेक गुलाम, किंवा गुलामीतून सुटलेले. कायद्याच्या नजरेत हा धंदा हलका. ज्याच्या नावाचा घोष लाखभर लोक करत, त्याची समाजातली पत मात्र नट आणि ग्लॅडिएटर यांच्याच ओळीतली. मुलं लहानपणीच तबेल्यात येत, दोन घोड्यांच्या रथावर शिकत आणि मग चार घोड्यांवर चढत. जिंकलेल्या पैशातून स्वातंत्र्य विकत घेता येई. त्या पोरांना वळणावर खांबाला घासायला लावणारी खरी ओढ हीच असावी असं मला वाटतं.

तो सर्वांत श्रीमंत सारथी कोण?

गायस अपुलेयस डायोक्लीस. लुसिटेनियाचा, म्हणजे साधारण आजच्या पोर्तुगालकडचा. त्याच्या गौरवार्थ इसवी सन १४६ साली रोममध्ये लांबलचक शिलालेख कोरला गेला आणि त्यात आकड्यांची रेलचेल आहे. १२२ साली, अठराव्या वर्षी, तो पांढऱ्या गटाकडून पहिल्यांदा उतरला (शर्यतींत लाल, पांढरा, हिरवा आणि निळा असे चार गट असत). पहिला विजय मिळायला दोन वर्षं लागली. पुढे हिरव्या गटात गेला आणि शेवटी लाल गटात स्थिरावला. २४ वर्षांत ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय. एकूण बक्षीस ३,५८,६३,१२० सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी.

त्या शिलालेखात मला सर्वांत आवडते ती विजयांची फोड. ८१५ वेळा सुरुवातीपासून पुढे राहून जिंकला, ६७ वेळा मागून येऊन, आणि ५०२ वेळा अगदी शेवटच्या पट्ट्यात. या ५०२ मध्येही हिरव्यांना किती वेळा हरवलं, निळ्यांना किती वेळा, पांढऱ्यांना किती वेळा हे वेगळं दिलं आहे. क्रिकेटची आकडेवारी तोंडपाठ असणाऱ्या आपल्या लोकांना हे वेड ओळखीचं वाटेल. डायोक्लीस बहुतेक वेळा सुरुवातीलाच पुढे निघून आघाडी टिकवायचा, पण शेवटच्या क्षणी बाजी मारण्यातही तरबेज होता, हे या आकड्यांतून दिसतं.

विजयांच्या संख्येत मात्र तो पहिला नाही. पॉम्पेयस मस्क्लोसस याच्या नावावर ३,५५९ विजय आहेत. डायोक्लीसचं मोठेपण मोठ्या बक्षिसांच्या शर्यतींत होतं. ३०,००० ते ६०,००० सेस्टर्सची ९२ बक्षिसं त्याने मारली. निवृत्त झाला तेव्हा वय ४२ वर्षं, ७ महिने, २३ दिवस. प्रेनेस्टे या गावी, आजच्या पालेस्त्रीनात, त्याच्या मुलामुलीने भाग्यदेवतेला वाहिलेला एक लेख सापडला आहे. त्यात बापाचं नाव अभिमानाने कोरलं आहे. या धंद्यातल्या माणसाला मुलं मोठी झालेली बघायला मिळावीत, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला आलं.

आजच्या पैशात ते किती? ‘१५ अब्ज डॉलर’ हा आकडा बरोबर आहे का?

तो आकडा तसाच्या तसा घेऊ नका. २०१० साली एका अमेरिकी अभ्यासकाने हिशेब मांडला: डायोक्लीसच्या कमाईत रोमच्या सगळ्या सैन्याचा दोन महिन्यांहून जास्त पगार भागला असता. मग अमेरिकी सैन्याच्या पगाराशी तुलना करून १५ अब्ज डॉलर काढले. तुलना करमणुकीची आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वीचं सैन्य आणि आजचं सैन्य यांच्या पगाराला एका तराजूत घालता येत नाही.

त्यापेक्षा त्या काळातलंच माप घ्यावं. दुसऱ्या शतकात साध्या रोमन सैनिकाला वर्षाला १,२०० सेस्टर्स मिळत. म्हणजे डायोक्लीसची कमाई जवळपास ३०,००० सैनिकांच्या वर्षभराच्या पगाराइतकी, पाच-सहा लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या, पोसता येतील एवढी. आणखी एक लक्षात ठेवायला हवं: शिलालेखात बक्षिसांची बेरीज आहे. त्यातला गटमालकाचा वाटा कोरलेला नाही, म्हणून सगळी रक्कम त्याच्याच थैलीत पडली असं धरू नये.

आणि बाकीच्यांचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

क्रेसेन्स हा मूर, उत्तर आफ्रिकेतला मुलगा, निळ्या गटाचा. ११५ साली, सम्राट नर्वाच्या जयंतीच्या शर्यतींत, दिवसाच्या चोविसाव्या शर्यतीत त्याने चार घोड्यांचा पहिला विजय मिळवला. वय तेरा. त्या दिवशीच्या चारही घोड्यांची नावं शिलालेखात आहेत: सर्सियस, अॅक्सेप्टर, डेलिकेटस आणि कोटिनस. पुढच्या नऊ वर्षांत तो ६८६ वेळा उतरला आणि ४७ वेळा जिंकला. बक्षीस १५,५८,३४६ सेस्टर्स, सैनिकाच्या जवळजवळ १,३०० वर्षांच्या पगाराएवढं. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याचा लेख कोरला गेला आणि त्यापुढे त्याचा मागमूस नाही.

पॉलिनायसीस आणि टॅशियानस हे दोघे भाऊ, जन्माने गुलाम. थोरल्याचे विजय ७३९, आयुष्य २९ वर्षं, ९ महिने, ५ दिवस. धाकट्याचे विजय १२५, आयुष्य २० वर्षं, ८ महिने, ७ दिवस.

स्कॉर्पस तर आपल्या काळातला सर्वांत लाडका सारथी होता. २,०४८ विजय. कवी मार्शल तक्रार करतो की मी दिवसभर राबून कवडी मिळवतो आणि स्कॉर्पस तासाभरात सोन्याच्या पंधरा थैल्या उचलून नेतो. त्याच मार्शलने पुढे त्याच्यावर मृत्युलेखही लिहिला. मृत्यू वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास. मार्शल म्हणतो, दैवाने त्याचे विजय मोजले आणि त्याला म्हातारा समजलं.

एवढा पैसा यायचा कुठून?

तिकिटातून नाही. खेळ भरवणं हे अधिकाऱ्यांचं आणि सम्राटाचं काम होतं आणि खर्चही त्यांचाच. घोडे, रथ, सारथी मात्र गटांकडून भाड्याने घ्यावे लागत. लाल, पांढरा, हिरवा आणि निळा असे चार गट आणि त्यांचे मालक म्हणजे पक्के व्यापारी. एका गटाच्या नोकरांची यादी उपलब्ध आहे. तीत वैद्य, शिंपी, चांभार, शिक्षक, निरोपे, घोड्यांवर पाणी मारणारे, आणि साजाला मोती जडवणारे कारागीरसुद्धा आहेत.

या मालकांची ताकद केवढी होती ते ५४ साली दिसलं. नीरो नुकताच गादीवर आला होता. मालक रक्कम वाढवून मागत होते. फॅब्रिशियस व्हायेन्टो या अधिकाऱ्याने ती द्यायला नकार दिला आणि घोड्यांऐवजी कुत्रे रथाला जुंपायची तयारी केली. लाल आणि पांढरे नमले, हिरवे आणि निळे हटून बसले. शेवटी बक्षिसांचा भार नीरोने स्वतः उचलला, तेव्हा शर्यती झाल्या.

पुढे तर खर्चाला धरबंध राहिला नाही. सिमॅकस या सरदाराने मुलाच्या पदग्रहणानिमित्त ४०१ साली खेळ भरवले. त्यासाठी स्पेनहून घोडे आणवले. एकूण खर्च २,००० पौंड सोनं, म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास. सिमॅकस हा श्रीमंतांत मधल्या फळीतला गणला जाई, हे विशेष.

सम्राटांच्या लहरीतूनही पैसा येई. कॅलिगुला हिरव्यांचा वेडा होता. त्याने युटिकस या सारथ्याला मेजवानीत एका वेळी २० लाख सेस्टर्स दिले.

लोक सारथ्यावर प्रेम करायचे की रंगावर?

थोरल्या प्लिनीचा भाचा धाकटा प्लिनी, त्याचं म्हणणं होतं की कापडावर. शर्यतीच्या मध्यात सारथ्यांनी रंग बदलले तर लोकांची माया लगेच नव्या रंगाकडे वळेल, असं तो एका पत्रात लिहितो. मला हे पूर्ण पटत नाही. थोरल्या प्लिनीने एक घटना नोंदवली आहे: लाल गटाचा फेलिक्स नावाचा सारथी चितेवर जळत असताना त्याच्या एका चाहत्याने त्या आगीत उडी घेतली. विरोधी गटवाल्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली की सुगंधी द्रव्यांच्या वासाने तो भोवळ येऊन पडला. फेलिक्सला एवढंही श्रेय मिळू द्यायचं नव्हतं.

जादूटोणा चालायचा का?

भरपूर. शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप खरडायचा, पत्रा गुंडाळायचा आणि थडग्यात पुरायचा, म्हणजे मेलेला माणूस तो पाताळात पोचवेल. ट्युनिशियात, कार्थेज आणि हॅड्रुमेटम इथे असे पत्रे मिळाले आहेत. घोड्यांची आणि सारथ्यांची नावं एकेक करून दिलेली असतात आणि मागणं असतं की त्यांचे पाय बांधा, त्यांना वळता येऊ देऊ नका, सारथ्याला पाडा, फरफटवा, मारा. कोणीतरी कुणाच्या मरणासाठी बसून, जपून, एकेक अक्षर कोरलं आहे. वाचताना अंगावर काटा येतो.

जखमींवर काय उपचार होत?

थोरला प्लिनी सांगतो की रथाखाली चिरडलेल्यांना, फरफटलेल्यांना रानडुकराची वाळवलेली विष्ठा लावत. नीरो तिची राख पाण्यातून पीत असे, असंही त्याने लिहून ठेवलं आहे.

सट्टा चालायचा का?

हो, माणसामाणसांत पैज लागे. निकाल लवकर कळावा म्हणून वोल्तेराचा एक रथमालक रोमला जाताना गावातल्या पाकोळ्या पकडून नेई. जो रंग जिंकला तो त्यांच्या अंगाला लावून त्यांना सोडून देई. पाखरं घरट्याकडे परत जात आणि गावातल्या मित्रांना निकाल कळे.

घोड्यांचं काय?

घोडे स्पेन, उत्तर आफ्रिका आणि आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियातून येत. शंभर विजय मिळवलेल्या घोड्याला वेगळी पदवी असे. अल्जीरियात एका श्रीमंताच्या स्नानगृहात फरसबंदीवर घोड्यांची चित्रं आणि नावं होती. त्यांतल्या पॉलिडॉक्सस नावाच्या घोड्याजवळ लिहिलं होतं: जिंक किंवा नको जिंकूस, पॉलिडॉक्सस, आमचा जीव तुझ्यावरच.

ग्रीकांकडेही असंच होतं का?

तिथे पैसा मालकाचा आणि मुकुटही मालकाचाच. ऑलिम्पियात चार घोड्यांची शर्यत इसवी सनपूर्व ६८० पासून होती. जिंकल्यावर नाव सारथ्याचं नाही, तबेल्याच्या धन्याचं पुकारत. म्हणूनच स्पार्टाची राजकन्या किनिस्का मैदानात पाऊल न टाकता इसवी सनपूर्व ३९६ आणि ३९२ मध्ये विजेती ठरली. अथेन्सचा पुढारी अल्सिबायडीस याने इसवी सनपूर्व ४१६ मध्ये एकट्याने सात रथ उतरवले आणि पहिला, दुसरा व चौथा क्रमांक घेतला.

धोका तिथेही तेवढाच होता. इसवी सनपूर्व ४६२ मध्ये डेल्फीच्या शर्यतीत चाळीस सारथी कोसळले आणि सायरीनच्या राजाचा सारथी कॅरोटस तेवढा रथ न मोडता बाहेर आला, असं कवी पिंडारने गायलं आहे. नीरो तर इसवी सन ६७ मध्ये दहा घोड्यांचा रथ घेऊन ऑलिम्पियात उतरला, पडला, शर्यत पुरी करू शकला नाही, तरी विजेता ठरला. पंचांना त्याने अडीच लाख द्राख्मा दिले होते. पुढे नीरोनंतरचा सम्राट गाल्बा याने ते परत मागितले.

आपल्याकडे अशा शर्यती होत्या का?

वाजपेय यज्ञात सतरा रथांची धाव असे. पण ती विधी म्हणून, आणि यजमानच जिंकणार हे ठरलेलं. बक्षिसाचा धंदा आणि भाड्याचे तबेले हा प्रकार त्यात नव्हता.

चाकांना धारदार पाती लावायचे ना?

शर्यतीत नाही. ते चित्रपटातलं. खांब, वेग आणि बारा रथांची गर्दी पुरेशी होती.

प्रेक्षकांनाही धोका होता का?

होता. सम्राट अँटोनायनस पायस याच्या राजवटीत सर्कस मॅक्सिमसचा काही भाग कोसळून १,११२ जण मेल्याची नोंद आहे. पण खरा रक्तपात दंगलींत झाला. ३९० साली ग्रीसमधल्या थेस्सलोनिकात एका सारथ्याला कैद केलं म्हणून जमाव भडकला आणि त्याने सेनापती बुथेरिकला मारलं. सम्राट थिओडोसियसच्या सैनिकांनी सूड म्हणून हजारो नागरिकांची कत्तल केली.

कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, जानेवारी ५३२ मध्ये जे घडलं त्याला तोड नाही. दंगलीतल्या गुन्हेगारांना फाशी देताना तक्ता मोडला. दोघे वाचले, एक निळा आणि एक हिरवा. दोन्ही गटांनी त्यांच्यासाठी माफी मागितली, सम्राट जस्टिनियनने ती दिली नाही. एकमेकांचे हाडवैरी एक झाले आणि ‘निका’, म्हणजे ‘जिंक’, ही मैदानातली आरोळी बंडाची घोषणा झाली. अर्धं शहर जळालं. शेवटी बेलिसेरियस आणि मुंडस या सेनापतींनी सैन्य घेऊन हिप्पोड्रोमची, म्हणजे तिथल्या शर्यतीच्या मैदानाची, दारं अडवली. इतिहासकार प्रोकोपियस मृतांचा आकडा तीस हजारांवर देतो.

शर्यती कधी थांबल्या?

रोममधली शेवटची नोंद ५४९ ची, गॉथ राजा टोटिलाने भरवलेली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या पुढेही कित्येक शतकं चालल्या.

आज काय बघता येईल?

सर्कस मॅक्सिमस आज गवताळ मैदान आहे, लोक तिथे सकाळी पळायला येतात. दुभाजकावर उभा असलेला ऑगस्टसचा इजिप्शियन स्तंभ पियाझ्झा देल पोपोलोमध्ये आहे. खरं मैदान कसं होतं हे समजून घ्यायचं तर रोमजवळच्या अप्पियन रस्त्यावरचं सम्राट मॅक्सेन्शियसचं सर्कस पाहावं, ते बरंच शाबूत आहे. इस्तंबूलला पुरातत्त्व संग्रहालयात पॉर्फिरियस या सारथ्याच्या पुतळ्यांचे दोन चौथरे आहेत. हा गडी साठी ओलांडल्यावरही रथ हाकत होता.

एकच शिलालेख वाचायचा तर कोणता?

लोक डायोक्लीसचा सांगतील. मी स्पेनमधल्या तारागोनाच्या युटिकीसचा सांगेन. कॅलिगुलाच्या युटिकसशी याचा संबंध नाही. हा शिकाऊ गुलाम, वय बावीस, दोन घोड्यांवरून चार घोड्यांवर चढायची उमेद धरलेला. तो शर्यतीत मेला नाही. वैद्यांच्या हाताला न जुमानणाऱ्या तापाने गेला. त्याच्या मालक-मालकिणीने थडग्यावर कविता कोरवली आहे आणि ती त्याच्या तोंडी आहे. त्यात तो हळहळतो की सर्कसमध्ये मरण्याचं भाग्यही मला दैवाने दिलं नाही, नाहीतर माझ्यासाठी गर्दी रडली असती. शेवटी वाटसरूला विनवतो: माझ्या राखेवर फुलं टाक. मी जिवंत असताना कदाचित तूही माझ्या बाजूने ओरडला असशील.